एम्. ए. की एम्. एस्सी.?

जून महिना उजाडला की धर्मगुरूच्या दारी येणाऱ्या मंडळींच्या हाती लग्नपत्रिकांऐवजी गुणपत्रिका दिसू लागतात. मुलगा वा मुलगी पदवीधर झालेली असते, पेढे वाटून झालेले असतात, आणि मग आईबाप खुर्चीच्या कडेवर बसून हळूच विचारतात, "फादर, आता पुढे काय?" आम्ही उलट मुलालाच त्याचा विचार पुसतो, तेव्हा तो मान खाली घालतो आणि उत्तर बाप देतो. पदव्युत्तर शिक्षणाविषयी आपल्या घरांत जो काही खल होतो तो बहुधा इतकाच.

याला अपवाद असलेले एक घर आम्हांस गतवर्षी उज्जैनला पाहावयास मिळाले. गृहस्थ मूळचे आमच्याच धर्मग्रामातले, पश्चिम रेल्वेत नोकरीस. बदलीने तिकडे गेले आणि फ्रीगंजात घर घेऊन स्थिरावले. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी त्यांनी आम्हांस बोलाविले होते. विधी आटोपल्यावर सायंकाळी सारे कुटुंब आम्हांस टावर चौकात घेऊन गेले. महाकालाचे जुने उज्जैन रेल्वेमार्गाच्या एका अंगास, आणि घड्याळाच्या मनोऱ्याभोवती पसरलेले हे फ्रीगंज दुसऱ्या अंगास. शिंदे सरकारच्या अमदानीत या बाजूस आलेल्या मराठी घराण्यांमुळे तेथील गर्दीतही मधूनच मराठी शब्द कानी पडतो. मात्र वर मान करावी तो शिकवणी-वर्गांच्या पाट्याच पाट्या! स्पर्धा-परीक्षा, बँक, नेट, सारे काही शिकविण्याची हमी. हमी देणाऱ्यांचा हा बाजार पाहून आम्हांस नेहमी जत्रेतील औषधविक्यांची आठवण होते, हे कबूल केले पाहिजे.

त्या पाट्यांखालीच आमचा वाद रंगला. कन्या भूविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालेली. तिला आता प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्व या विषयात एम्. ए. करावयाचे होते. वडिलांच्या मनात इंदूरच्या एका खासगी संस्थेतील व्यवस्थापनाची पदवी होती आणि त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील मोठी रक्कम काढण्याचीही त्यांची तयारी होती. "फादर, तीन वर्षे हिने दगड मोजले, आता खापऱ्या मोजणार म्हणते," ते म्हणाले. मुलगी शांतपणे म्हणाली, "पपा, दगड कळतो म्हणूनच खापरी कळेल." आई काही बोलली नाही, तिने प्लेटमधील उरलेले पोहे लेकीच्या पुढे सारले.

आम्ही त्या उत्तरावर रात्रभर विचार केला. कारण मुलीचे म्हणणे नुसती हौस म्हणून सोडून देण्याजोगे नव्हते; ज्या गावात ती हे बोलत होती त्या गावाचा इतिहास तिच्या बाजूचा होता.

उज्जैनचे माधव महाविद्यालय एकोणिसाव्या शतकातले. विक्रम विश्वविद्यालय १९५७ साली सुरू झाले. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे १९६४ साली स्वतंत्र विद्यापीठे निघेपर्यंत तेथल्या महाविद्यालयांचा कारभारही येथूनच चाले. तेथे पदव्युत्तर विभागाला 'अध्ययनशाला' म्हणतात. आम्हांस हा शब्द फार आवडला, विभाग म्हटले की कचेरी डोळ्यांपुढे येते. या विद्यापीठाच्या पुरातत्त्वाचे नाव ज्यांनी जगभर नेले ते विष्णु श्रीधर वाकणकर मराठीच. १९५७ साली आगगाडीतून जाताना दूरवरचे खडक पाहून ते उतरले आणि त्यांना भीमबेटकाची चित्रित शैलाश्रये सापडली. २००३ साली त्या स्थळाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. परंतु आमच्या विषयाला धरून असलेली गोष्ट निराळी आहे. चित्रकार म्हणून घडलेल्या या गृहस्थाने पुणे विद्यापीठाची पीएच्. डी. घेतली ती १९७३ साली, म्हणजे वयाची पन्नाशी उलटल्यावर. काम आधी झाले आणि पदवी मागाहून आली.

उज्जैनहून थोड्याच अंतरावर कायथा नावाचे गाव आहे. तेथे वाकणकरांनी ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली आणि १९६५-६६ साली उत्खनन केले. पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि विक्रम विश्वविद्यालय यांनी मिळून तेथे पुन्हा काम केले. हे डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने उघडले आणि त्याच वर्षी डॉ. हसमुख सांकलिया तेथे आले. आता सांकलियांनी मुंबईत एम्. ए. साठी प्रबंध लिहिला तो नालंदा विद्यापीठावर, आणि त्यांना मार्गदर्शन केले ते सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश येशूसंघीय फादर हेरास यांनी. फादर हेरास १९२२ साली मुंबईस आले आणि चार वर्षांत त्यांनी इतिहास-संशोधनाची संस्था उभारली. हा धागा आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून मुद्दाम नोंदविला. एका धर्मगुरूच्या टेबलापाशी एक तरुण एम्. ए. चा प्रबंध लिहितो आणि एका पिढीनंतर माळव्यातील शेतात चार हजार वर्षांपूर्वीची घरे उघडी होतात! पदवीच्या कागदावर विषयाचे नाव असते, शिकविणाऱ्याचे नसते. पण खरी निवड करावयाची असते ती त्या न लिहिलेल्या नावाची.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी आम्ही वडिलांपुढे हिशेब मांडला. आजचे नियम आपल्या वेळचे राहिलेले नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांची एम्. ए. वा एम्. एस्सी. होते. महाविद्यालयात चौथे वर्ष काढले तर ती एका वर्षात होऊ शकते, आणि चौथ्या वर्षाअखेर शेकडा ७५ गुण असतील तर थेट पीएच्. डी. चाही मार्ग मोकळा आहे. एम्. फिल्. मात्र २०२२ च्या नियमांनी बंद झाली. प्राध्यापक होण्यास पदव्युत्तर पदवीत शेकडा ५५ गुण आणि नेट वा सेट परीक्षा लागते. शाळेत शिकवावयाचे तर बी. एड्. निराळी. एवढ्या वाटा असताना 'पुढे काहीतरी शिक' असे सांगणे म्हणजे स्टेशनावर मुलाला 'कुठल्यातरी गाडीत बस' म्हणण्यासारखे आहे. रेल्वेच्या माणसाला हे लगेच पटले.

पुरातत्त्वात जागा थोड्या आणि वाट पाहणे फार, हेही आम्ही मुलीला स्पष्ट सांगितले. घर हातातोंडाशी गाठ घालून चाललेले असेल तर नोकरी आधी आणि आवड मागाहून, असेच आम्ही म्हटले असते, आणि त्यात कमीपणा नाही. ज्यांचे घर एके काळी याच उज्जैनात होते ते मराठी कुळातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध पोटासाठी ठिकठिकाणी राबले, पस्तिशी उलटल्यावर नागपूरहून एम्. ए. झाले, आणि १९५८ साली त्यांना राजनांदगावला प्राध्यापकाची जागा मिळाली.

सल्ला असा आम्ही एकच दिला. दोन्ही अध्ययनशाळांत, भूविज्ञानाच्या आणि पुरातत्त्वाच्या, स्वतः जावे. माहितीपत्रक मागू नये. पाच वर्षांपूर्वी जी मुले येथून बाहेर पडली ती आज काय करतात, एवढेच विचारावे. वडिलांनीही बरोबर जावे, पण बोलू नये. (ही अट त्यांना जड गेली, असे मागाहून कळले.)

मुलगी दोन दिवस फिरली आणि तिने जी माहिती आणली ती आम्हांसही नवी होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संस्था ग्रेटर नोएडा येथे पुरातत्त्वाची दोन वर्षांची पदविका देते. जागा मोजक्या, पण प्रवेशासाठी प्राचीन इतिहास वा पुरातत्त्व यांप्रमाणेच भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवीही चालते. अट एवढीच की प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगाच्या काळाचे ज्ञान हवे. नद्यांनी आणून टाकलेल्या मातीच्या थरांत आदिमानवाची हत्यारे सापडतात, तेव्हा तो थर वाचणारा माणूस लागतो. शिवाय भूविज्ञानात एम्. एस्सी. झाल्यास लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिकांच्या परीक्षेलाही बसता येते. म्हणजे खापरीकडे जाणारी एक वाट दगडावरूनही निघत होती.

तिने भूविज्ञान अध्ययनशाळेत नाव घातले. निधीतील रक्कम जागच्या जागी राहिली. वडिलांचे पत्र आले त्यात, आपलेच म्हणणे अखेर मुलीने ऐकले, याचे समाधान ओळीओळीत होते. त्याच पाकिटात मुलीचीही चिठ्ठी होती. पुढच्या सुट्टीत वसईस येताना पुण्यास उतरून डेक्कन कॉलेजचे ग्रंथालय पाहावयाचे आहे, फादरांनी कोणाला तरी लिहून ठेवावे, आणि पपांना तूर्त सांगू नये, असे तिने लिहिले होते. आम्ही पुण्यास लिहिले आहे.