सुटी खिडकी आणि भंगारातला मॉनिटर

पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी प्रोग्रामिंग शिकत असेल, तर एक ना एक दिवस घरात वाक्य ऐकू येणार आहे, "मला अजून एक स्क्रीन पाहिजे." त्या वेळी घरात काय होते हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. आई म्हणते, आत्ता कुठे लॅपटॉपचे हप्ते फिटले. वडील म्हणतात, एका डोक्याला दोन टीव्ही कशाला? हा प्रश्न मुळीच चुकीचा नाही. ज्याने पगारातून बाजूला काढून लॅपटॉप घेतला, त्याने तो विचारलाच पाहिजे. पण त्याला उत्तर आहे आणि ते वाटते त्यापेक्षा बरेच स्वस्त आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही चौघे पिंपरीतल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी मुलांचा कॉम्प्युटरचा वर्ग घेतो. आमच्यापैकी दोघे हिंजवडीला प्रोग्रामिंगच्या नोकरीत, एक ताई शिक्षिका आणि एक दादा लेथवर. गंमत अशी की, दोन स्क्रीनचे कारण मुलांना सर्वांत चांगले समजावले ते लेथवाल्या दादांनी.

प्रोग्राम लिहिण्याचे जे सॉफ्टवेअर असते, ते म्हणजे एका छताखालचा कारखाना. मधोमध लिखाण. एका बाजूला फाइलींची यादी, खाली चुकांची यादी. आणि प्रोग्राम एकेक ओळ थांबवून तपासायचा असेल, तर आणखी एक खिडकी उघडते, जिच्यात त्या क्षणी प्रत्येक आकडा किती आहे ते दिसते. हे सगळे एकाच स्क्रीनवर बसवायचे. स्वस्त लॅपटॉपचा स्क्रीन बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, म्हणजे उंचीला फक्त ७६८. तपासणीची खिडकी खालून वर आली की लिखाणाला दहा-बारा ओळींची फट उरते. मूल वर-खाली सरकवत बसते. आकडा पाहायला गेले की ओळ हरवते, ओळीकडे आले की आकडा विसरते.

दादा मुलांना म्हणाले, "व्हर्नियर ड्रॉवरमध्ये ठेवून काम करून बघा. दर कटाला ड्रॉवर उघडायचा, माप घ्यायचे, परत बंद करायचा. दिवसभरात किती नग निघतील? म्हणून हत्यार बेंचवर मांडलेले असते, हाताशी." आमच्या पुस्तकी व्याख्या त्यानंतर आम्ही बाजूला ठेवल्या.

बेंच मोठा करायचे दोन मार्ग आहेत. एक, मोठा रुंद मॉनिटर विकत घेणे. दुसरा, जुना मॉनिटर शेजारी ठेवून सॉफ्टवेअरमधली हवी ती खिडकी सुटी करणे आणि त्यावर नेणे. पहिल्याला पैसे लागतात. दुसऱ्याला लागते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची परवानगी, म्हणजे खिडकी चौकटीतून सुटी होते की नाही एवढाच प्रश्न. बड्या पगाराच्या इंजिनियरांची ही हौस आहे असे पुष्कळांना वाटते. आम्हाला नेमके उलटे दिसते. ज्याच्याकडे भला मोठा स्क्रीन आहे, त्याचे एका चौकटीतही भागते. खिडकी सुटी होण्याची खरी गरज ज्याला दोन लहान, बेजोड स्क्रीन जोडून काम चालवायचे आहे त्याला.

आणि जुना मॉनिटर म्हणजे कचरा, हाही गैरसमज. ऑफिसांतून निघणारे १९ इंची चौकोनी मॉनिटर पाहा. ते १२८० बाय १०२४ ठिपक्यांचे असतात. रुंदीला थोडे कमी, पण उंचीला त्या लॅपटॉपपेक्षा बरोबर एक तृतीयांश जास्त. लिखाण तर उभेच वाढत जाते! वजनदार काचेचे जुने मॉनिटर निराळे, ते वीज खातात. हे सपाट मॉनिटर साधारण २० ते ३० वॉटमध्ये चालतात, छतावरच्या साध्या पंख्यापेक्षा कमी. असे आठ मॉनिटर आम्ही एका ऑफिसातून मागून आणले, तेव्हा अभ्यासिकेच्या कमिटीतले काका म्हणाले, जागा अडते, भंगारवाल्याला देऊन टाका. वॉटचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा काकांनीच कोपऱ्यातले कपाट हलवून दिले.

आता ज्या मुलीमुळे हे सर्व आम्हाला पटले तिच्याबद्दल सांगतो. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आईच्या बचत गटाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम हाच तिचा प्रोजेक्ट. गटात २० बायका, महिना २०० रुपये. एक मावशी गट सोडून गेल्या, राहिल्या १९, म्हणजे ३८०० जमायला हवेत. प्रोग्राम सांगे ३६००. दोनशे रुपये कुठे गेले? बचत गटात दोनशे रुपयांचा फरक म्हणजे काय, हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको. आई वही घेऊन बसलेली आणि मुलगी म्हणते, यंत्र चुकत नाही. दोन आठवडे घरात तेच चालले होते.

रविवारी आम्ही तिचा लॅपटॉप जुन्या मॉनिटरला जोडला. ती व्हिज्युअल स्टुडिओत सी शार्प भाषेत काम करीत होती. तपासणीची खिडकी डोक्यावरच्या पट्टीला धरून ओढली आणि शेजारच्या स्क्रीनवर सोडली. लॅपटॉपवर पूर्ण लिखाण, मॉनिटरवर पूर्ण यादी, वरून खालपर्यंत. मग एकेक ओळ पुढे. यादीत सहाव्या मावशी गट सोडलेल्या, त्यांचे नाव गाळले गेले. त्याबरोबर सातव्या मावशी सरकून सहाव्या जागी आल्या. पण मोजणारा आकडा आपला पुढे सातवर गेला. सातव्या मावशींकडे कोणी पाहिलेच नाही. त्यांचे दोनशे रुपये असे बुडत होते.

ती ओरडलीच, "सर, मावशी सरकल्या!"

ही चूक जगभर नवशिके करतात, पुस्तकात तिच्यावर इलाजही आहे (यादी शेवटाकडून मोजत यावी). पण पुस्तकात वाचणे निराळे आणि लिखाण व यादी एकाच नजरेत ठेवून माणूस सरकताना पाहणे निराळे.

दोन स्क्रीनची ही युक्ती नवी मुळीच नाही. डॉसच्या जमान्यात काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचे कार्ड आणि रंगीत स्क्रीनचे कार्ड मेमरीत वेगवेगळ्या जागा वापरीत, त्यामुळे दोन्ही एकाच यंत्रात बसत. मायक्रोसॉफ्टचा कोडव्ह्यू आणि बोर्लंडचा टर्बो डिबगर एका स्क्रीनवर प्रोग्राम आणि दुसऱ्यावर तपासणी दाखवू शकत. पुढे १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आले, १९९५ साली डेल्फी. त्यांच्या खिडक्या जन्मापासूनच सुट्या, स्क्रीनभर विखुरलेल्या, मागचे डेस्कटॉपही मधून दिसे. लोक वैतागले. १९९७ च्या व्हिज्युअल बेसिक ५ ने सगळ्यांना एका चौकटीत गोळा केले. आणि नशिबाचा खेळ पाहा, लगेच १९९८ साली विंडोज ९८ ने घरच्या कॉम्प्युटरला अनेक मॉनिटर जोडण्याची सोय दिली! व्हिज्युअल स्टुडिओत हत्यारांच्या खिडक्या पूर्वीही सुट्या होत, पण लिखाणाची खिडकी चौकटीबाहेर नेता येऊ लागली ती २०१० च्या आवृत्तीपासून.

बहुतेक मुले आज वापरतात ते व्हीएस कोड २०१६ साली १.० झाले. फुकट, हलके, चांगले. त्याच वर्षापासून लोक सुटी खिडकी मागत होते. ती मिळाली २०२३ च्या डिसेंबरात, १.८५ आवृत्तीत, तीही लिखाणाची. ते ब्राउझरच्या तंत्रावर उभे आहे आणि तिथे एका पानाचा तुकडा उचलून दुसऱ्या खिडकीत ठेवणे सोपे नसते, हे खरे. तरी सात वर्षे म्हणजे फार झाली. तेवढ्यात पहिलीतले पोर आठवीत जाते.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी थोडे. जुन्या मॉनिटरला व्हीजीए केबल असते आणि लॅपटॉपला एचडीएमआयचे तोंड. मधे कन्व्हर्टर लागतो, नुसती जोडवायर चालत नाही, कारण एक संकेत डिजिटल आणि दुसरा ॲनालॉग. जोडल्यावर दोन्हीकडे एकच चित्र दिसले तर घाबरू नये. विंडोजचे बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडावे. इक्लिप्समध्ये खिडकीच्या नावावर उजवी कळ दाबली की 'डिटॅच' मिळते. अँड्रॉइड स्टुडिओत आणि इंटेलिजेमध्ये 'व्ह्यू मोड'मध्ये जाऊन 'विंडो' निवडायचे.

एक खोड मात्र आहे. सुट्या खिडकीला आपली जागा लक्षात राहते. मॉनिटर घरी, लॅपटॉप कॉलेजात, असे झाले की कधी कधी खिडकी नसलेल्या स्क्रीनवर जाऊन उघडते. उघडी असते, पण दिसत नाही. म्हणून आम्ही मुलांकडून केबल काढून सराव करून घेतो. खिडकी अडकली तर आल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाची कळ, आणि माऊस हलवला की ती हाताला येते. व्हिज्युअल स्टुडिओत 'विंडो' मेनूमध्ये 'रिसेट विंडो लेआउट' आहे, तो सगळे मूळ जागी आणतो.

त्या मुलीला हे तोंडी परीक्षेत उपयोगी पडले. परीक्षक म्हणाले, तपासणी करून दाखवा. तिने कळ दाबली आणि काहीच दिसेना. तिने शांतपणे मेनू उघडला, खिडक्या परत लावल्या आणि सातव्या मावशींचा हिशेब ओळीओळीने दाखवला. परीक्षकांनी विचारले, मघाशी खिडकी कुठे गेली होती? ती म्हणाली, "सर, ती घरी राहिली होती."

तो मॉनिटर तिने आता घरी नेला आहे. दहा बाय बाराच्या खोलीत शिलाई मशीनच्या फळीवर ठेवते. वडील रात्रपाळी करून झोपले असले की उजेड कमी करते. अभ्यासिकेत सात उरले, त्यांतले पाच चालू आहेत आणि दोघांसाठी कन्व्हर्टर यायचे आहेत.