आंबा घाट आणि शून्यावर पडलेला काटा

माझं माहेर रत्नागिरीचं आणि सासर कोल्हापूरचं. त्यामुळे या दोन गावांमधला सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता मला पाठ आहे. बांबवडे, मलकापूर, आंबा, मग घाट, खाली साखरपा, दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा. लग्नानंतर पहिली काही वर्षं हा प्रवास एस.टी.च्या लाल गाडीतून झाला. मलकापूरपर्यंत उसाचे फड सोबत असतात, आणि आंबा जवळ आलं की हवेतला गारवा अंगाला जाणवतो. तिथून विशाळगडाकडे एक फाटा जातो. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी लढवलेली पावनखिंड त्याच बाजूला. या रानात गवे आहेत. संध्याकाळी कधी कधी रस्त्याच्या कडेला दिसतात. मुलं प्रत्येक वेळी खिडकीला नाक लावून बसतात आणि प्रत्येक वेळी म्हशीलाच गवा म्हणतात!

मे २०२४ मध्ये आम्ही या रस्त्यानं आमच्या मोटारीतून गेलो. मोटार जुनी घेतलेली, ॲटोमॅटिक गिअरची. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. सासूबाईंना ही गोष्ट पहिल्यापासून पसंत नाही. "ज्याला आपण हातानं बदलत नाही, ते बिघडलं तर कळणार कसं?" हा त्यांचा प्रश्न. आणि त्या वेळी तो अगदीच काही चुकीचा नव्हता, कारण दोन महिने गाडी मधूनच एक खोड काढत होती. चालता चालता वेगाचा काटा धपकन शून्यावर यायचा, गाडी एकाच गिअरमध्ये अडकायची, आणि समोर पिवळा दिवा लागायचा. गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर तिथं ती शहाण्यासारखी वागली. तरी त्यांनी निदान करून टाकलं, "गिअरबॉक्स खोलावा लागेल, पासष्ट हजार धरून चाला." आमच्या घरात तेवढे पैसे होते, पण ते गच्चीची गळती काढण्यासाठी बाजूला ठेवलेले. पाऊस महिन्यावर आलेला. हे म्हणाले, "रत्नागिरीहून आल्यावर बघू."

मी मात्र किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवायला लागले होते. कोणत्या दिवशी काटा पडला, घरातून निघून किती वेळ झाला होता, ऊन होतं की नाही. शाळेत हजेरी मांडायची सवय, दुसरं काय! चार नोंदी झाल्या आणि चारही वेळा निघून पाऊण तास तरी उलटून गेला होता.

पाचवी नोंद आंबा घाटात झाली. या घाटाची घाटमाथ्याकडची चढण सौम्य आहे; खरा उतार कोकणाच्या बाजूला, वळणावळणाचा. २०२१ च्या जुलैमध्ये इथं दरडी कोसळल्या होत्या, त्याच्या खुणा अजून डोंगरावर दिसतात. उताराला लागून थोडंच अंतर गेलो असू, तोच काटा शून्यावर आला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. सपाटीवर याचं एवढं काही वाटत नाही, पण उतारावर खालचा गिअरच गाडीला मागं ओढून धरत असतो. तो मिळेना, म्हणून ह्यांना सारखा ब्रेक दाबावा लागला आणि दोन वळणांनंतर ब्रेकचा करपट वास यायला लागला. सासूबाईंनी जप सुरू केला. एका रुंद जागी गाडी थांबवून आम्ही सगळे खाली उतरलो. दरीत करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या, पण त्या दिवशी एकाही करवंदाला कुणी हात लावला नाही.

अर्ध्या तासानं गाडी सुरू केली, तर काटा नीट, गिअरही नीट! साखरप्याला चहा घेतला, काजळी नदीचं आटलेलं पात्र पाहिलं, पुढं निघालो. नाणीज मागं पडलं आणि पुन्हा तेच. तसेच हळूहळू हातखंब्याच्या अलीकडे एका पत्र्याच्या गॅरेजपाशी पोचलो. माझा भाऊ येऊन मुलांना आणि सासूबाईंना घेऊन गेला. मी थांबले, कारण वही माझ्याजवळ होती.

तिथले मेस्त्री साठीचे, बोलणं अस्सल रत्नागिरीचं. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "कधी होता असा, वहिनी? थंड असताना की तापल्यावर?" मी वही पुढं केली. ती वाचून ते नुसतेच "हां" म्हणाले, आणि गाडी गार व्हायच्या आत मीटर काढून गाडीखाली शिरले.

त्यांनी नंतर समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. आमच्यासारख्या गिअरबॉक्समध्ये वेग मोजणारे दोन सेन्सर असतात. एक आत येणारा फेरा मोजतो, दुसरा चाकांकडे बाहेर जाणारा. दोन्हींचा हिशेब मांडून गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, आता कोणता गिअर. त्यातला एक गप्प झाला की कॉम्प्युटर आंधळा होतो, आणि आणखी नुकसान नको म्हणून एकच गिअर धरून बसतो. म्हणजे गिअर अडकला याचा अर्थ गिअरबॉक्स गेला, असा नव्हे. आमच्या गाडीत वेगाचा काटाही बाहेरच्याच सेन्सरवर चालतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम घडत होत्या. पुष्कळ नव्या गाड्यांत काट्याला चाकांजवळच्या सेन्सरकडून खबर मिळते. तिथं काटा नीट राहून नुसते गिअर अडकू शकतात.

स्कॅनरवर पी-०७२० असा आकडा आला. हे उत्साहानं म्हणाले, "म्हणजे सेन्सरच बदलायचा!" मेस्त्रींनी मान हलवली. तो आकडा गल्ली दाखवतो, घर नाही. वायर उंदरानं कुरतडलेली असू शकते, जोडात तेल किंवा गंज असू शकतो. त्यांनी जोड उघडून पुसला, आत कोरडा ठणठणीत निघाला. कॉम्प्युटरपर्यंतच्या वायरी एकेक हलवून मोजल्या, त्याही धड. तेलाची कांडी काढून वास घेतला. तेल लालसर, करपलेलं नाही. हे पाहून माझा जीव थोडा खाली आला, कारण आतल्या चकत्या जळल्या असत्या तर तेल काळपट होऊन त्याला घाण वास आला असता. सेन्सर मात्र मीटरवर पूर्ण तुटलेला दाखवत होता. तासाभरानं गार झाल्यावर तोच सेन्सर साडेपाचशे ओहम दाखवू लागला!

मग पुढची दोन चाकं उचलली. मेस्त्री एक चाक हातानं फिरवत होते, आणि दुसरं ह्यांना घट्ट धरून ठेवायला सांगितलं होतं. नाहीतर ते उलट फिरतं आणि सेन्सरपुढचा दात हलतच नाही. मीटरवर बारीकशी वीज उमटली. चाक जोरात फिरवलं की ती वाढायची. गार असताना सेन्सर ठीक काम करतो, हे असं नक्की झालं.

आता तापवून बघायचं. मेस्त्रींनी सेन्सर काढून त्याच्या टोकाला चिकटलेली बारीक लोखंडी पूड पुसली, आणि पोराला शेजारच्या ब्यूटी पार्लरमध्ये पिटाळलं. पोरगा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला, पाठोपाठ पार्लरवालीही आली, ड्रायरची काळजी तिलाही होतीच. गरम वारा लागून काही मिनिटं झाली, मीटरवरचा आकडा थोडा वर सरकला आणि मग एकदम नाहीसा झाला. आतल्या तारेच्या गुंडाळीत कुठंतरी चीर होती. तापल्यावर ती उघडत होती. थंड गाडी गॅरेजमध्ये नेली की काहीच सापडत नव्हतं, ते यामुळं. पार्लरवाली म्हणाली, "माझ्या ड्रायरचापण असाच झालेला!"

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी मागवला. त्याचे दोन हजार आठशे, मजुरी सातशे. जुन्याचं रबरी कडं पुन्हा न वापरता नवं घातलं, नाहीतर तिथून तेल झिरपतं. जुना आकडा स्कॅनरवरून पुसला आणि मेस्त्रींनी ह्यांना शेजारी बसवून गाडी चांगली तापेपर्यंत फिरवली.

माझ्या मते कुणीही गिअरबॉक्स खोलायला सांगितला, तर खर्चाला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या: आकडा कोणता आला, वायर तपासली का, आणि गरम असताना मोजलं का. यातलं काही न करता मोठा आकडा सांगणाऱ्याला मी नमस्कार करून परत फिरेन.

आठ दिवसांनी आंब्याची पेटी मागं ठेवून आम्ही परत निघालो. साखरप्यापासून चढ लागला. दुपारचं ऊन, गाडी तापलेली, पुढं भरलेला ट्रक. माझे डोळे काट्यावर. तीस, पंचवीस, पुन्हा तीस. गिअर खाली पडताना इंजिनाचा आवाज बदलायचा आणि गाडी ट्रकमागून निमूट चढायची. सासूबाई घाटमाथ्यावर जाग्या झाल्या आणि "आलं का मलकापूर?" म्हणाल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर माणसं कामाला लागली.