चिमणीच्या गावाहून

परळीचा माणूस बाहेरगावाहून परतला, की गाडीच्या खिडकीतून दोन खुणा शोधतो. भाविक वैजनाथाचे शिखर शोधतो आणि आमच्यासारखे थर्मलच्या चिमण्या. माझे वडील अण्णा १९७१ साली परळीचा पहिला तीस मेगावॅटचा संच सुरू झाला, तेव्हा कोळशाच्या खात्यात लागले. त्याआधी आमच्या घरात उजेड होता तो रॉकेलच्या चिमणीचा. "मोठी चिमणी पेटली अन् धाकटी विझली," असे अण्णा अजून सांगतात.

अशा घरातला मी शाळामास्तर. पन्नाशी उलटल्यावर, २०२३च्या उन्हाळी सुटीत, पाठीवर पिशवी टाकून एकटाच युरोपला निघालो. आळीत अर्थातच चर्चा झाली. शहाणी माणसे सहल कंपनीबरोबर जातात. अण्णांनी एवढेच विचारले, "एकटा कशाला जायलास? तिकडं कोण हाय आपलं?"

"वीज आहे की," मी म्हणालो.

थट्टेत म्हणालो खरा, पण तेच खरे ठरले. आगगाडीचा पास आणि वसतिगृहातली वरची खाट एवढ्यावर माझा प्रवास चालला होता. विशीतली पोरे माझ्याकडे कुतूहलाने पाहत आणि शेंगदाण्याची चटणी चाखून डोळे पुसत. त्यांची वाट चित्रसंग्रहालयांकडे जाई, माझी वीज आणि कोळशाकडे.

जर्मनीतल्या एसेन गावची झोलव्हेराइन ही नावाजलेली कोळशाची खाण. १९८६ साली ती बंद पडली. आपल्याकडे असते तर गंज आणि बाभळी उरल्या असत्या. तिथे लोकांनी इमारती राखल्या. २००१ साली जागतिक वारशात त्यांची गणना झाली आणि कोळसा धुण्याच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. त्या रूर भागातले खाणकामगार आपले कपडे आकड्याला अडकवून साखळीने छतापर्यंत ओढून ठेवत, हे तिथे कळले. मला दाराआडच्या खुंटीवरचा अण्णांचा काळा पडलेला सदरा आठवला. २०१८च्या डिसेंबरात जर्मनीची शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली, तेव्हा वर आलेला शेवटचा तुकडा कामगारांनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. कामाला निरोप द्यावा तर असा!

तिथून आगगाडीने हँबर्गमार्गे कोपनहेगनला गेलो. किनाऱ्यावर उभे राहिले, की समुद्रात वीस पवनचक्क्या कमानीसारख्या ओळीत दिसतात. मिडलग्रुंडेन हे त्यांचे नाव. २००० साली उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतल्या निम्म्यांची मालकी साडेआठ हजारांवर सामान्य लोकांच्या सहकारी मंडळीची होती. एका भागामागे वर्षाला एक हजार युनिट वीज, असा हिशेब. असे भाग होते ४०,५००. कारकून, शिक्षक, म्हातारेकोतारे, सारे वाऱ्याचे भागीदार! त्या देशात ही आवड जुनी आहे. आस्कोव्हच्या लोकविद्यालयातल्या पॉल ला कूर नावाच्या मास्तरांनी १८९१ सालीच पवनचक्कीवर वीज काढून दाखवली होती. एका मास्तराचे हे कर्तृत्व वाचून दुसऱ्या मास्तराची छाती उगाचच फुगली.

मी गेलो त्या सकाळी मात्र वारा पडलेला. पाती स्तब्ध. मग दिवे कसे लागतात? समुद्राखालून टाकलेल्या तारांतून नॉर्वेच्या धरणांची वीज येते. इकडे वारा सुटला, की डेन्मार्कची वीज तिकडे जाते. शेजारधर्मच म्हणायचा.

परत आल्यावर अण्णांना घेऊन पाटोद्याकडे गेलो. बालाघाटाच्या माळावर आता आपल्याकडेही पवनचक्क्या फिरतात. अण्णा बराच वेळ मान वर करून पाहत राहिले.

"ह्याला पाणी किती लागतं?"

"वीज काढायला थेंबभरसुद्धा नाही, अण्णा."

ते गप्प झाले. का, ते मला ठाऊक होते. औष्णिक केंद्राला वाफेसाठी आणि ती थंड करण्यासाठी पाणी हवे. २०१३च्या दुष्काळात गोदावरीवरचा खडका बंधारा आटला आणि परळीचे सगळे संच थांबले. कोळसा होता, माणसे होती, पाणी नव्हते. अण्णा तेव्हा निवृत्त झालेले, तरी रोज सकाळी अंगणात येऊन धूर निघतो का पाहत. आज जुने संच गेले आहेत. प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन नवे उरले आहेत. दुष्काळी जिल्ह्याला पाण्यावाचून वीज देणारा वारा म्हणजे देवच पावला.

"अन् ह्याचा मालक कोण?" अण्णांनी विचारले.

मी त्यांना कोपनहेगनचे भागीदार सांगितले. आपल्याला ही कल्पना नवी नाही, हेही बोललो. प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांनी भाग घेऊन साखर कारखाना उभा केलाच की!

"कारखान्यांचं पुढं काय झालं तेबी सांग," अण्णा म्हणाले. मग हसून पुढे म्हणाले, "पण वारा काय ऊस हाय व्हय, कुणी तोडून न्यायला? घ्यावा एखादा भाग."

एवढा युरोप पालथा घालून मी जे शिकलो, ते अण्णा माळावर बसल्या बसल्या बोलून गेले. नव्या विजेला नुसते यंत्र पुरत नाही, तिला भागीदार लागतात. आमच्या जिल्ह्यातले हजारो लोक दसरा झाला, की कोयता घेऊन ऊस तोडायला परमुलखी जातात. त्यांच्या शेतावर फिरणाऱ्या पात्यात त्यांचा चार आण्यांचा वाटा असता, तर त्यांतले काहीजण दिवाळीनंतरही घरी राहिले असते.

पणती लावताना यंदा मला त्यांचीच दारे आठवतील.