कुळाचें मूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये म्हणतात. गोदावरीचें मूळ त्र्यंबकेश्वरीं सांपडतें. तिच्या कांठच्या आमच्या कोपरगांवच्या घराण्याचें मात्र त्याच क्षेत्रींच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत पांचव्या पूर्वपुरुषापाशींच हरवतें. त्याआधींचे कोठले, हें घरच्या वडीलधाऱ्यांनीं केव्हांच ठरवून टाकलें आहे : चितोडचे!

यांत नवल नाहीं. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकप्रसंगीं भोसलेकुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशीं जोडण्यांत आला. वेरूळच्या बाबाजी भोसल्यांपासून पुढची वंशावळ भरंवशाची आहे. मागच्या दुव्यांविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. मुधोळच्या घोरपड्यांकडील फर्मानांच्या आधारें दत्तात्रेय विष्णु आपटे यांनीं १९३४ सालीं त्या घराण्याचा इतिहास सिद्ध केला. पण तीं फर्मानें अस्सल कीं बनावट, हा वाद उरलाच.

अमेरिकेंतील आद्य इंग्रज वसाहतवाल्यांच्या वंशजांचीही हीच अडचण. जहाजांतून उतरलेल्या पूर्वजाचें नांव मिळतें, त्याचें इंग्लंडांतील गांव मिळत नाहीं. ही भूक ओळखून गुस्ताव अंजू (मृत्यु १९४२) या स्वीडनमध्यें जन्मलेल्या गृहस्थानें खोट्या वंशावळी रचून विकल्या. गिऱ्हाइकें अर्थातच श्रीमंत होतीं. गरिबाला पूर्वज परवडतात कोठें?

आतां आमचा कुलवृत्तान्त छापावयाचा आहे. पहिलें पान चितोडास द्यावें, असा काकांचा हट्ट. मीं वहींतल्या पांचव्या पुरुषापासून आरंभ केला आहे. खर्च काकांचा, लिहिणें माझें. दोन महिने झाले, ते माझ्याशीं बोलत नाहींत.