कर्ता कोण?

काश्मीरमध्ये मोठा बर्फ पडला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दोन ओळींची बातमी येते. आधी रेल्वे बंद झाल्याची आणि मग रुळांवरील बर्फ हटवण्यात आल्याची. डिसेंबर २०२४च्या अखेरीसही असेच घडले. महामार्ग अडला, विमाने थांबली, बनिहाल ते बारामुल्ला गाड्या बंद झाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. आम्ही पडलो मास्तर, तेही उर्दू शाळेत मराठी शिकवणारे. ‘हटवण्यात आला’ असे दिसले की आमचा हात खडूकडे जातो. या वाक्यात कर्ता कोण?

सातवीच्या वर्गात, मराठीच्या तासाला, आम्ही चक्क गणित मांडले. एक किलोमीटर लोहमार्ग, तीन मीटर रुंदी, अर्धा मीटर बर्फ. गुणाकार झाला १५०० घनमीटर. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा एक घनमीटर साधारण १०० किलो भरतो; म्हणजे १५० टन. तोच दबला, ओला झाला की वजन दुप्पट-तिप्पट. मुले फळ्याकडे बघतच राहिली. “सर, त्याला मशीन असेल की!” एक जण म्हणाला.

मशीन आहे. २००८ साली खोऱ्यात पहिली गाडी धावली, तेव्हाच तिच्या तोंडाशी बर्फ कापणारी लोखंडी जाळी बसवलेली होती. बर्फ फार साचला तर फाळ लावलेले इंजिन आधी फिरवतात. नांगराने माती सारावी तसा तो बर्फ बाजूला लोटत जातो.

पण एका रुळातून दुसरा रूळ फुटतो तिथे मशीनची मात्रा चालत नाही. त्या जागेला मराठीत सांधा म्हणतात, उर्दूत कांटा. तिथला सरकता रूळ मुख्य रुळाला घट्ट चिकटावा लागतो. मधे ५ मिलिमीटरचा अडथळा राहिला तरी कुलूप बसत नाही आणि गाडीला सिग्नल मिळत नाही. अर्धा मीटर बर्फ कापणारे इंजिन नखाएवढ्या खड्यासाठी खोळंबते. युरोप-जपानात कित्येक ठिकाणी सांधे विजेने तापवतात. नाही तर तो खडा फावडे आणि झाडू घेतलेल्या माणसानेच काढायचा. पुन्हा बर्फ पडला की पुन्हा काढायचा. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’ची थंडी असते. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सांध्यापाशी वाकलेल्या त्या माणसाचाही तो चिल्लाच.

हे चालू असताना मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. त्याचे अब्बा कोकण रेल्वेत ट्रॅकमन आहेत. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन दरड आली का ते बघत मैलोन्मैल चालतात. तो म्हणाला, “सर, तिकडे बर्फ, इकडे दरड. काम तेच ना?” आम्ही त्याला सांगितले की नाते त्याहून जवळचे आहे. काश्मीरला उर्वरित देशाशी रेल्वेने जोडणाऱ्या मार्गावर चिनाब नदीवर ३५९ मीटर उंचीचा पूल आहे. तो उभारण्याची जबाबदारी आपल्या कोकण रेल्वेकडेच होती. ६ जून २०२५ रोजी तो मार्ग खुला झाला. पोराची मान ताठ झाली.

काश्मिरी माणूस आपल्या बातम्यांत येतो तो बहुधा वेगळ्याच कारणाने. तेव्हा कर्ता गाळला जात नाही. नाव, गाव, बापाचे नाव, सगळे छापून येते. भल्या पहाटे फावडे उचलून गाडीला वाट करून देणारा मात्र ‘हटवण्यात आला’मध्ये गडप होतो. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील अशाच वाक्यांत राहतात. दरड उपसण्यात आली. गटार साफ करण्यात आले. रस्ता मोकळा करण्यात आला.

व्याकरणाच्या दृष्टीने ही वाक्ये शुद्ध आहेत. परीक्षेत आम्ही त्यांना पूर्ण गुण देतो. मात्र त्याखाली एक प्रश्न हल्ली हमखास घालतो: कर्ता घालून वाक्य पुन्हा लिहा.