डाव्या बाजूचे नट

पान्याला दोन फुटांचा पाइप अडकवून तो त्यावर पाय देऊन उभा राहिला आणि कट् असा आवाज झाला. नट हलला नव्हता. चाकाचा बोल्टच तुटला होता. 2011 सालच्या मे महिन्यातला रविवार, जळगावचं ऊन, अंगणातल्या कडुनिंबाखाली तीन आठवड्यांपूर्वी येऊन उभी राहिलेली जुनी जीप, आणि पंचवीस वर्षं बँकेत नोटा मोजलेल्या हातात अर्धा बोल्ट. त्याने तो फडक्याने पुसला. टोकावर, गंजाखाली, इंग्रजी ‘एल’ कोरलेला होता.

तेव्हा त्याला आबा आठवले. ‘डाव्याचं डावं, उजव्याचं उजवं.’ लहानपणी हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की ते गाडीविषयी आहे हेच तो विसरून गेला होता. ताट वाढायचा किंवा जोडे घालायचा काहीतरी नियम असावा, अशी त्याची समजूत होऊन बसली होती.

जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरता फिरता नट सैल होऊ नये म्हणून केलेली ही सोय. पुढे नटाची बैठक निमुळती झाली, ती चांगली घट्ट बसू लागली आणि बहुतेक कारखान्यांनी उलटे आटे सोडून दिले. जीपने मात्र ते बराच काळ धरून ठेवले. माहीत नसलेला माणूस सोडवायला म्हणून जोर लावतो आणि नट आवळत जातो. बळ जितकं जास्त तितका बोल्ट लवकर तुटतो. शिकायचा हा महाग मार्ग त्याने पहिल्याच महिन्यात चोखाळला.

आबा म्हणजे त्याचे वडील, पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर. 1972च्या दुष्काळात तो आठ वर्षांचा होता. चोपडा तालुक्यात पाझर तलावांची, रस्त्यांची, खडी फोडायची कामं निघाली होती. माणसं मिलो ज्वारीच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढत होती. आणि इंजिनिअरसाहेबांना घेऊन आबांची जीप एका कामावरून दुसऱ्या कामावर धूळ उडवत फिरायची. गावाच्या लेखी सरकार म्हणजे जीप. कलेक्टर कुणी पाहिला नव्हता, जीप सगळ्यांनी पाहिली होती. लांबून धुरळा दिसला की मुकादम टोपी सारखी करायचा.

ती जीप पेट्रोलवर चालायची आणि खानदेशातल्या मे महिन्याशी तिचं पटायचं नाही. पारा 44-45च्या घरात गेला की इंजिनाशेजारच्या नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची. कार्ब्युरेटरपर्यंत थेंब पोहोचायचा नाही आणि गाडी भर रस्त्यात गप्प. आबांकडे यावर एक ओलं फडकं होतं. ते पेट्रोल पंपावर गुंडाळायचं, वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि साहेबांना बाभळीखाली बसवायचं. पाच-सात मिनिटांत गाडी सुरू. याच दुखण्यावर अमेरिकेत लोक म्हणे पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. त्या चिमट्यांपेक्षा आबांच्या फडक्यात तथ्य अधिक होतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने तो पंप गार व्हायचा.

रात्री गाडी घरासमोर उभी असायची. मुलांनी मात्र तीत बसायचं नाही. पान्यांचा डबा धरायचा, पाणी आणून द्यायचं, बॅटरी दाखवायची, पण सीटवर बूड टेकायचं नाही. का, तर ती आपली नाही. एवढंच उत्तर. मोठेपणी त्याला हे उत्तर फार आवडू लागलं, पण आठव्या वर्षी आवडलं नव्हतं.

आबांच्या जीपचं बोनेट उंच होतं, जरा बेढबच. त्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली, ब्लॉकमध्ये असायचे. नंतर ताकद वाढवण्यासाठी आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि बाहेर टाकणारे खालीच ठेवले. 2199 सीसीचं हे ‘हरिकेन’ इंजिन जुन्या बोनेटखाली मावेना. मग इंजिन कापण्याऐवजी कारखान्याने बोनेट उचललं. 1953 साली ही सीजे-3बी बाजारात आली. अमेरिकेत 1968पर्यंत सुमारे दीड लाख गाड्या निघाल्या आणि तिथे तो साचा बंद झाला. मुंबईत मात्र परवान्यावर तोच चेहरा पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर येत राहिला. टोलेडो शहराने टाकून दिलेलं रूप यावल-रावेरच्या पोरांसाठी जीपचं एकमेव रूप झालं.

ते बनवणाऱ्या कंपनीची गोष्टही मिस्त्रीकामात शोभावी अशी आहे. 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी ती निघाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली दुसऱ्या ‘एम’च्या जागी महिंद्राच आले. एक सुटा भाग बदलला, आद्याक्षरं तीच राहिली. जीपचे सुटे भाग जोडण्याचं कामही त्याच सुमारास मुंबईत सुरू झालं होतं.

मधली वीसेक वर्षं जीप त्याच्या आयुष्यात होती, पण प्रवासी म्हणून. नोकरीच्या सुरुवातीला बदली तालुक्याच्या शाखेत, आणि एस.टी. चुकली की काळी-पिवळी. लांब अंगाच्या कमांडरमध्ये किंवा ट्रॅक्समध्ये पंधरा माणसं, दोन शेळ्या आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारा किन्नर. एके काळी जी पाहून मुकादम टोपी सारखी करायचा, तिच्यात आता कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन बसायचं. सरकारची गाडी अशी हळूहळू सगळ्यांची झाली. त्याने आबांना एकदा हे सांगितलं. ते म्हणाले, त्या ड्रायव्हरला क्लचवरून पाय काढायला सांग, प्लेट जळते.

आबा गेल्यावर सहा वर्षांनी त्याने यावलजवळच्या एका केळी बागायतदाराकडे पुढे त्याच्या अंगणात आलेली जीप पाहिली. लिलावात घेतलेली, मग बागेत खतं वाहून दमलेली, शेवटी गोठ्याच्या कडेला कोंबड्या बसवलेली. सीजे 340, 1988ची, डिझेल. आबांची नव्हे. आबांची गाडी केव्हाच भंगारात गेली असणार आणि तसा भ्रम त्याने करूनही घेतला नाही. पण बोनेट तेच, उंच. गंमत म्हणजे त्याखाली हरिकेन नव्हतंच. आत बसलं होतं 2112 सीसीचं प्यूजो डिझेल, मूळ फ्रेंच. ज्या इंजिनासाठी बोनेट उचललं ते गेलं आणि उंची तशीच राहिली.

या संकराचा पहिला हिसका पान्यांच्या पेटीला बसला. आपल्याकडच्या मिस्त्रीची इंचाची भाषा सुतात चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अर्ध्या इंचाचा पाना चार सुती आणि नऊ सोळांशाचा साडेचार सुती. जीपचा सांगाडा, चाकं, पाटे, गिअरबॉक्स हे सगळं अमेरिकन घराण्याचं, सुतात. इंजिन फ्रेंच, मिलिमीटरमध्ये. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर जवळजवळ बसतो, आणि या ‘जवळजवळ’मुळे नटाची टोकं गोल होतात. त्याने दोन पेट्या केल्या. एकीवर खडूने ‘बाहेर’ लिहिलं, दुसरीवर ‘आत’.

आबांची विद्या इथे निम्मी निरुपयोगी ठरली. डिझेलला ना स्पार्क प्लग, ना पॉइंट, ना ओल्या फडक्याची गरज. इथे दुखणं वेगळं: टाकी रिकामी होऊ दिली किंवा फिल्टर बदलला की लाइन हवा धरते. मग हातपंप मारत, एकेक बोल्ट सैल करत फेस संपून स्वच्छ धार येईपर्यंत थांबायचं. डिसेंबरच्या पहाटे, खानदेशात थंडीही उन्हाइतकीच हट्टी असते तेव्हा, हीटर प्लगला पुरेसा वेळ दिल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. हे सगळं त्याला धुळ्यात कळलं.

धुळ्याला आग्रा रोडलगत आप्पांचं गॅरेज. पत्र्याचं शेड, जमिनीत खड्डा, भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या. जळगावहून ते शंभर किलोमीटरच्या आत, पण जीपने अडीच तास: बांभोरीचा गिरणा पूल, एरंडोल, पारोळा, मग धुळे. पहिल्या खेपेला पारोळ्याच्या पुढे ताशी पन्नासच्या आसपास पुढची चाकं एकाएकी नाचायला लागली. स्टिअरिंग हातात ठरेना. दात वाजले. वेग पंधरावर आणल्यावर नाच थांबला. गॅरेजला पोहोचताच त्याने आप्पांना लक्षणं सांगायला सुरुवात केली, तर ते खड्ड्यातूनच म्हणाले, “भाऊ, गाडी बोली ऱ्हायनी, तू चूप बठ.”

त्याला वाटलं होतं चाकांचं बॅलन्सिंग, फार तर टाय रॉड. आप्पांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं, एकदाच. किंगपिनची बेअरिंगं. चाक ज्या दोन टोकांवर वळतं तिथला ताण संपला होता. तिथे पातळ पत्तऱ्या असतात. एक काढली की ताण वाढतो, एक घातली की कमी होतो. किती असावा ते जीपच्या जुन्या कारखानी पुस्तकात दिलेलं आहे: वळणारा भाग ओढायला 12 ते 16 पौंड जोर लागला पाहिजे, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलो. आप्पांनी पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या केळीवाल्याकडून ताणकाटा मागवला, त्याचा आकडा टाय रॉडच्या भोकात अडकवला आणि ओढला. काटा सहाला थांबल्यावर भाग हलला. ‘आता चांगलं’ एवढंच म्हणून त्यांनी काटा परत पाठवला. पुस्तकातला आकडा त्याने घरी येऊन तपासला तेव्हा त्याला हसू आलं.

आप्पांना ‘छंद’ हे प्रकरण मात्र कधी पटलं नाही. कामाला न जाणारी गाडी त्यांच्या हिशेबात आजार नसलेल्या रोग्यासारखी. त्यांच्या हाताखालून तीसेक पोरं गेली. प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत काळी-पिवळी रस्त्यावर लावायची असायची, कारण दुसऱ्या दिवसाचा धंदा तिच्यावर. चुकायची सवड कुणालाच नव्हती. सवड या बँकवाल्याला होती. एक बेअरिंग घालायला त्याला तीन रविवार लागले तरी कुणाची चूल अडत नव्हती. हे आप्पांनी बोलून दाखवलं नाही, पण मजुरी सांगताना कळायचं: गाडीवाल्याला एक भाव, हौशीला दुसरा. त्याने कधी घासाघीस केली नाही. तो भाव रास्तच होता असं त्याचं आजही मत आहे.

सुटे भाग आता धुळे-जळगावात क्वचित. दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून मागवायचे, नाहीतर हरियाणातल्या मंडी डबवालीत विचारायचं, जिथे जुन्या जीपच्या सांगाड्यांवर अख्ख्या नव्या जीप उभ्या केल्या जातात. तिथल्या जाड टायरच्या, ढोल वाजवणाऱ्या गाड्या पाहून त्याला वाटतं, हे लग्नाच्या घोड्यासारखं झालं. पण गिअरबॉक्सचा सिंक्रो रिंग सेट मात्र तिथलाच बसला.

कागदांचंही एक दुखणं असतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022पासून त्याची फी 600 रुपयांवरून 5000 झाली, वर पर्यावरण कर. 2023 साली त्याने ती भरली. बायको म्हणाली, गाडी धावली त्यापेक्षा उभी राहिली जास्त, उभं राहायचेही पैसे लागतात का? त्याने 2021च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांची गोष्ट काढली: पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदवता येते. म्हणजे ही 2038 साली. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा असेल. फक्त तशी नोंद झालेली गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शनाला नेता येते, रॅलीला नेता येते. बायको म्हणाली, म्हणजे आत्ताच्यासारखंच.

दर पावसाळ्यानंतर, काळी माती वाळून भेगा पडू लागल्या की, एकदा पालला जाऊन यायचं असा त्याचा नेम आहे. रावेरच्या केळीच्या बागा मागे पडतात, सातपुडा सुरू होतो, डांबर सुटतं, तो खाली उतरून पुढच्या चाकांचे हब फिरवतो आणि धाकटा गिअर टाकतो. बैलगाडीच्या वेगाने, इंजिनाचा सूर न बदलता ती चढते. एकदा वर पोहोचल्यावर वनखात्याच्या एका म्हाताऱ्या चौकीदाराने तिला पाहिलं आणि हात आपोआप सदऱ्याच्या गुंडीकडे नेला. मग आत कोण आहे ते पाहून तो हसला.

सध्या जीप अंगणात विटांवर आहे. ब्रेकचे ड्रम धुळ्याला लेथवर गेले आहेत. चाकांचे नट दोन डब्यांत: एकावर ‘डावे’, दुसऱ्यावर ‘उजवे’. संध्याकाळी कॉलनीतली पोरं येतात. आता बसायला मनाई नाही. चौघं मागे, दोघं पुढे, एक बोनेटवर. ड्रायव्हरच्या जागेसाठी भांडण होतं तेव्हा तो पाळी लावून देतो. बॅटरी काढून ठेवलेली असल्यामुळे हॉर्न वाजत नाही, म्हणून पोरं तो तोंडाने वाजवतात.