टोपी, अंबाडा आणि वाफ



केसांवर लिहायचं हे काही माझं वय नाही, ठाऊक आहे मला. पण एक गोष्ट दोन वर्षं मनात अडकून बसली आहे. ती केसांचीच आहे, म्हणून आज त्यांच्यावरच लिहिते.

मी शाळेत मराठी शिकवायचे. माझा अंबाडा सगळ्या शाळेत प्रसिद्ध. मुलं पाठीमागे मला 'अंबाडाबाई' म्हणायची, हे मला निवृत्त झाल्यावर एका विद्यार्थिनीनं सांगितलं. रागावल्याचं दाखवलं मी, पण खरं सांगायचं तर आतून बरंच वाटलं होतं!

तर, २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे फिनलंडला गेलो. हेलसिंकीला लागूनच एस्पो आहे, तिथे तो राहतो. निघायच्या आधी, जुलैच्या अखेरीस, मला डेंग्यू झाला होता. आठ दिवस सणसणीत ताप, प्लेटलेट्सची धावपळ, सगळं यथासांग झालं. (हे वाक्य लक्षात ठेवा, परीक्षेत येणार आहे.)

तिकडे साउना हा घराघरातला प्रकार. देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि साउना तीस लाखांच्या आसपास! २०२० मध्ये युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. मुलाच्या इमारतीत सगळ्यांचा मिळून एक साउना होता आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरवून दिलेला. आमचा शुक्रवार संध्याकाळचा. आधी आम्ही बायका, मग पुरुष.

लाकडी खोली, पायऱ्यांसारखे बाक, कोपऱ्यात विजेची भट्टी आणि तिच्यावर दगड. दगडांवर डावभर पाणी टाकलं की चर्र होऊन वाफ अंगावर येते. तापमान ८० अंश! मी दारातच थबकले. ८० अंशांत माणूस शिजत कसा नाही? तर हवा कोरडी असते म्हणून. घाम लगेच उडून जातो आणि कातडी वाचते. आपल्याकडे क्लबात किंवा जिममध्ये असते ती वाफेची खोली म्हणजे वेगळं प्रकरण. तिथे तापमान चाळीस-पंचेचाळीसच्या घरात, पण हवा वाफेनं गच्च भरलेली, त्यामुळे घाम वाळतच नाही.

सूनबाईनं माझ्यासाठी एक टोपी आणून ठेवली होती. घोंगडीसारख्या दाबलेल्या लोकरीची, घंटेच्या आकाराची. "आई, गरम हवा वर चढते, डोक्याला सगळ्यात जास्त लागते. ही घाला, केस कोरडे नाही होणार." मी म्हटलं, "अगं, सर्कशीतली दिसेन मी!" टोपी खुंटीवरच राहिली. आमच्या ह्यांना हा प्रश्नच नव्हता. डोक्यावर एक केस नाही, ते आपले सगळ्यात वरच्या बाकावर जाऊन बसायचे.

पाच-सहा शुक्रवार मजेत गेले. सून, नात आणि मी. त्या अंधूक उजेडात सून मोकळेपणानं बोलायची, एरवी न बोललेलं काय काय सांगायची. मग ऑक्टोबरच्या मध्यावर एक दिवस केस विंचरायला घेतले आणि फणीत गुंताच्या गुंता आला. उशीवर केस, न्हाणीच्या जाळीत केस. अंबाड्याचा पेरू झाला आणि पेरूचं लिंबू. मी रोज आरशासमोर उभी राहून रडकुंडीला यायचे.

आणि एका रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या त्या भट्टीनं माझे केस खाल्ले. मला कशाला नेलंत?"

तुमच्या असं म्हटलं, पण बघत होते सूनबाईकडेच. तिनं पोळी वाढली आणि काही बोलली नाही. त्यानंतर महिनाभर आमचा मुक्काम होता. एकाही शुक्रवारी तिनं मला 'चला आई' म्हटलं नाही.

डिसेंबरात पुण्याला परतल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझी साउनाची तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग दोन बोटांत थोडे केस धरून हलकेच ओढले. चार-पाच हातात आले. भिंगाखाली धरून मला दाखवलं, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका. म्हणाल्या, "हे मुळापासून सुटलेत, तुटलेले नाहीत. दोन-तीन महिने आधी मोठा ताप आला होता का?"

मी गप्प. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर... बोटांवर मोजलं.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्याला दिसतो तो केस मेलेलाच असतो, नखासारखा. जिवंत असतं ते कातडीच्या आत तीन-चार मिलिमीटर खोल बसलेलं मूळ. अंगात कडक ताप भरला की बरीचशी मुळं एकदमच विश्रांतीला जातात आणि तिथले केस दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे ज्या दिवशी फणीत केस दिसतात, त्या दिवशी गुन्हेगार केव्हाच निघून गेलेला असतो. घरात असतो तो बिचारा संशयित!

मग वाफ निर्दोष का? अगदीच नाही. ती मुळाला धक्का लावत नाही, पण केसाला लावते. साउनातली कोरडी हवा केसातला ओलावा शोषते, केस चरबरीत होतात. वाफेच्या खोलीत उलट, केस पाणी पिऊन फुगतो, त्याचे वरचे खवले उचलतात. पुन्हा वाळला की आकसतो. हे वारंवार झालं की तो मधेच तुटतो. तुटलेल्या केसाला पांढरा ठिपका नसतो, तीच खूण. शिवाय ओला केस मुळात नाजूक, आणि मी काय करायचे? साउनातून बाहेर आलं की तसाच करकचून अंबाडा. तो दोष भट्टीचा नाही, माझा. वाफेनं डोक्याकडे रक्त जास्त धावतं म्हणून केस वाढतात असं सांगणारेही भेटतात. ते सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यासाठी पैसे मोजू नयेत.

गंमत म्हणजे हे आपल्याकडे लोकांना माहीत होतं. आजी बंबातलं कढत पाणी डोक्यावरून घेऊ द्यायची नाही. वाग्भटानं अष्टांगहृदयात लिहून ठेवलंय, की गरम पाणी अंगाला बळ देतं, पण डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ घटवतं. १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेल्या उरुळी कांचनच्या आश्रमात आम्ही एकदा राहिलो होतो. तिथे वाफेच्या पेटीत बसवलं तेव्हा माझं डोकं बाहेर होतं आणि त्यावर गार पाण्यात भिजवलेला पंचा. सूनबाईची टोपी त्याच पंच्याची बहीण, नाही का? आणि न्हाण्याआधी खोबरेल! ते केसात मुरतं, केसाचं पाणी पिणं कमी करतं आणि प्रथिनाची झीज थोपवतं, असं २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. एस्पोत माझी खोबरेलाची बाटली दगडासारखी थिजली होती, म्हणून मी कंटाळा करून तेल लावणंच सोडलं होतं. म्हणजे तेल नाही, टोपी नाही, आणि शिव्या साउनाला.

केस पुढे आठ-दहा महिन्यांत बरेचसे आले. पूर्वीइतके नाहीत, सत्तरीत तेवढे येतही नाहीत. अंबाडा आता सुपारीएवढा. असो.

सूनबाईला मात्र मी हे लगेच सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर फोन हातात घेतला आणि हवापाण्याचंच बोलले. असं तीन-चारदा झालं. शाळेत मुलांकडून 'चुकलं' म्हणवून घ्यायला मला मिनिट लागायचं नाही. स्वतः म्हणायला दीड वर्ष लागलं. मागच्या वर्षी गणपतीत एकदाचं बोलले. "अगं, ते केस तापानं गेले होते. साउनानं नव्हे. मी उगाच बोलले तुला."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मला माहीत होतं, आई. मी तेव्हाच वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज आरशासमोर रडत होतात ना."

येत्या मे महिन्यात पुन्हा जायचंय. रक्तदाब तपासून घेतलाय, डॉक्टरांनी खालच्या बाकावर दहा मिनिटं बसायला परवानगी दिली आहे. काल तिला विचारलं, "ती टोपी आहे का गं अजून?" म्हणाली, खुंटीलाच आहे.